चिलखत चढवून झाले; आता ते उतरवायचे कसे?

प्रश्न असा आहे: आयर्न मॅनचे चिलखत २००८ च्या पहिल्या चित्रपटात हातोड्याने ठोकलेल्या पत्र्यांचे होते, २०१८ मध्ये ते छातीवरच्या एका डबीतून निघून क्षणात अंगभर पसरू लागले, मग आता पुढच्या चित्रपटांत अशा चिलखतधारी नायकाला आणखी कोणती नवी शक्ती देता येईल, की हा प्रकारच संपला?

उत्तर देण्यापूर्वी मी कोणत्या बाजूने बोलतो आहे ते सांगणे आवश्यक आहे. मी गेली अठरा वर्षे मुंबईत दृश्यपरिणामांच्या क्षेत्रात रिगिंगचे काम करतो. संगणकात घडवलेल्या पात्राच्या आत हाडे, सांधे आणि ते हलवण्याची नियंत्रणे बसवणे म्हणजे रिगिंग. कळसूत्री बाहुलीला दोऱ्या बांधणाऱ्याचे जे काम, तेच आमचे. फक्त दोऱ्या शेकडो असतात आणि बाहुली जिवंत माणसाशेजारी उभी राहून खरी वाटावी लागते. त्यातही माझा बहुतेक काळ कठीण पृष्ठभागांवर, म्हणजे यंत्रमानव, रथ, शिरस्त्राणे आणि चिलखते यांवर गेला आहे. मी ज्या मार्व्हल चित्रपटांविषयी लिहितो आहे त्यांवर मी काम केलेले नाही. मात्र त्यांतली चिलखत चढवण्याची दृश्ये एकेक फ्रेम थांबवून मी अनेकदा पाहिली आहेत आणि नव्याने येणाऱ्या मुलामुलींना शिकवताना आजही वापरतो.

प्रश्नात ‘शक्ती’ हा शब्द आहे आणि बहुतेक चर्चा त्या शब्दापाशीच अडकते. जादूचे चिलखत, प्रकाशाचे चिलखत, मनाने चालणारे चिलखत अशी यादी निघते आणि प्रत्येक जण आपापल्या आवडीप्रमाणे निवड करतो. माझ्या अनुभवाप्रमाणे या पात्राची वाटचाल शक्तीच्या मापाने मोजलीच जात नाही. ती मोजली जाते एका घड्याळाने, आणि ते घड्याळ म्हणजे माणसाला चिलखत अंगावर चढवायला लागणारा वेळ. दर चित्रपटात तो वेळ कमी होत गेला, २०१८ मध्ये तो जवळजवळ शून्यावर आला आणि ती वाट तिथे संपली. तुमचा खरा प्रश्न, मला समजला तसा, असा आहे: शून्याच्या पुढे कुठे जायचे?

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करतो. आयर्न मॅनच्या चिलखतातला माणूस, टोनी स्टार्क, २०१९ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’मध्ये मरण पावला आहे. त्याची भूमिका करणारे रॉबर्ट डाउनी ज्युनियर ‘अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे’मध्ये डॉक्टर डूम हा चिलखतधारी खलनायक साकारणार असल्याची घोषणा जुलै २०२४ मध्ये सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉन मेळ्यात झाली, तो चित्रपट डिसेंबर २०२६ साठी आणि त्यापुढचा ‘सीक्रेट वॉर्स’ डिसेंबर २०२७ साठी जाहीर झाला आहे. कोणता नट किती चित्रपटांसाठी करारबद्ध आहे, स्टुडिओला कोणते पात्र पुन्हा उभे करायचे आहे, कोणत्या चित्रपटाने किती गल्ला जमवला, या गोष्टींवर पडद्यावरचे चिलखत जितके ठरते तितके कोणत्याही कलावंताच्या कल्पनेवर ठरत नाही. म्हणून मी भाकीत करत नाही. चिलखताच्या घडणीकडे पाहता कोणत्या वाटा खुल्या राहतात आणि कोणत्या बुजल्या आहेत, एवढेच सांगतो.

आता त्या घड्याळाकडे येऊ. गुहेतले पहिले चिलखत चढवताना टोनीबरोबर तिथे कैदेत असलेला यिन्सेन त्याच्या अंगावर एकेक भाग बसवून बोल्ट आवळतो आहे, संगणकाच्या पडद्यावर यंत्रणा सुरू होण्याची पट्टी हळूहळू भरते आहे आणि बाहेरून बंदूकधारी येत आहेत. वेळ पुरणार नाही हे कळताच यिन्सेन बंदूक उचलून स्वतः बाहेर धावतो आणि मारला जातो. म्हणजे या पात्राच्या जन्माच्या क्षणीच, चिलखत चढवायला लागलेल्या त्या मिनिटांची किंमत एका माणसाने प्राण देऊन चुकती केली आहे. नंतरची सगळी चिलखते अधिक चपळ आणि अधिक देखणी आहेत, पण त्या दृश्याइतके वजन त्यांपैकी एकालाही नाही, आणि त्याचे कारण मला पत्र्याच्या जाडीत नव्हे, त्या भरत जाणाऱ्या पट्टीत दिसते.

पुढे मालिबूच्या घरात यांत्रिक हात एकेक भाग टोनीच्या अंगावर बसवतात. त्यासाठी त्याला त्याच तळघरात, त्याच चौथऱ्यावर उभे राहावे लागते. २०१० मध्ये मोनॅकोच्या शर्यतीच्या रस्त्यावर तेच चिलखत बॅगेच्या आकारात त्याच्यापर्यंत पोहोचते, पण ती बॅग कोणीतरी त्याच्यापर्यंत आणावी लागते आणि सगळा ताण त्या आणण्यात आहे. २०१२ मध्ये खलनायक लोकीने मनोऱ्याच्या खिडकीतून खाली फेकल्यावर चिलखत पाठोपाठ येऊन पडत्या टोनीला हवेतच वेढते. त्याआधी मनगटात चिलखताला बोलावणारी कडी चढवण्यापुरता वेळ मिळावा म्हणून तो लोकीला बोलण्यात गुंतवत राहतो. २०१३ च्या तिसऱ्या चित्रपटात सुटे भाग दुरून उडत येतात, पण ते कधी उशिरा येतात, कधी अर्धेच येतात, आणि एका हाताच्या पंज्यावर व एका बुटावर त्याला लढावे लागते. या चारही ठिकाणी एक गोष्ट समान आहे: माणूस आणि चिलखत यांच्यामध्ये काहीतरी अंतर आहे आणि कथा त्या अंतरात घडते.

२०१८ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’मध्ये टोनी छातीवर दोनदा टिचकी मारतो आणि चिलखत तयार असते. अंतर संपले.

माझ्या कामाच्या बाजूने पाहिले तर इथे आणखी एक गोष्ट संपली. धातू ताणला जात नाही. माणसाची कातडी खांदा वर उचलला की ताणते, चुरगळते, आणि तिची चूक थोडीफार लपते. पण खांद्यावरचा लोखंडी पत्रा वर गेला की तो एक तर गळ्याच्या पट्टीवर आदळला पाहिजे, नाहीतर तिच्याखाली सरकला पाहिजे, तिसरा मार्ग नाही. तो गळ्याच्या पट्टीत घुसला तर प्रेक्षकाला काय चुकले हे सांगता येत नाही, पण समोरची वस्तू धातूची नाही हे त्याला कळते. म्हणून चिलखताच्या रिगमध्ये आमचा सर्वांत जास्त वेळ खांदा, कंबर आणि काख या तीन जागी जातो. पहिल्या चित्रपटासाठी स्टॅन विन्स्टन यांच्या स्टुडिओने अंगावर प्रत्यक्ष घालता येतील अशी चिलखते बनवली होती आणि इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने त्यांची संगणकीय प्रतिकृती उभी केली. शेजारी खरी वस्तू असल्यामुळे संगणकातल्या वस्तूलाही तिच्या मर्यादा पाळाव्या लागल्या, आणि त्या चित्रपटातल्या चालीचा जडपणा मला तिथूनच आलेला वाटतो.

बॅगेचे चिलखतही याच कारणाने पटते. त्या बॅगेत एवढे सगळे मावेल का, असा हिशेब कोणी करू लागला तर तो कदाचित जुळणार नाही. पण प्रत्येक पट्टी कुठून निघाली आणि कुठे जाऊन बसली हे डोळ्यांना दिसते, आणि डोळ्यांना तेवढे पुरते. २०१८ च्या नॅनो चिलखतात, म्हणजे अतिसूक्ष्म कणांनी बनलेल्या चिलखतात, हा प्रश्न विचारायचीच सोय उरत नाही. पृष्ठभाग वाढतो, पसरतो, मिटतो. ते काम रिगिंगचे कमी आणि कणांच्या हालचाली घडवणाऱ्या इफेक्ट्स विभागाचे जास्त. मी त्या कामाला कमी लेखत नाही, कारण ते अत्यंत अवघड आहे. पण त्यातून सांधा गेला, आणि सांध्याबरोबर अडणे, अडकणे, वाकणे आणि तुटणेही गेले.

असे का झाले, याचे एक कारण कथेबाहेरचे आहे. पोशाख पूर्णपणे संगणकात करायचे ठरले की त्याचे रूप चित्रीकरणानंतरही ठरवता येते आणि बदलता येते. ‘एंडगेम’मधले कालप्रवासाचे पांढरे पोशाख नटांच्या अंगावर नव्हतेच, ते सगळे नंतर संगणकात चढवले गेले. नॅनो चिलखत या कार्यपद्धतीला अगदी सोयीचे आहे: नटाने साध्या कपड्यांत अभिनय करावा, हवे तिथे चिलखत यावे, संवाद महत्त्वाचा असेल तिथे शिरस्त्राण विरघळून चेहरा दिसावा. २००८ मध्ये चेहऱ्याची अडचण निराळ्या रीतीने सोडवली होती. शिरस्त्राणाच्या आत, काळोखात, चहूकडे तरंगणाऱ्या आकड्यांमध्ये टोनीचा चेहरा जवळून दाखवला जाई, आणि त्यामुळे बाहेर पोलाद व आत एकटा माणूस अशी दोन दृश्ये एकाच वेळी मनात राहत. पुढे शिरस्त्राण वाक्यागणिक उघडू-मिटू लागले आणि ते एकटेपण ओसरले.

दिग्दर्शकांना आणि लेखकांना ही अडचण कळली नव्हती असे मात्र मी म्हणणार नाही. ‘इन्फिनिटी वॉर’मधली टायटन ग्रहावरची, खलनायक थॅनोसबरोबरची लढाई पुन्हा पाहा. तिथे नॅनो चिलखत अमर्याद राहत नाही. मार बसेल तसे कण कमी होतात. एका भागाचे कण काढून दुसरीकडे लावावे लागतात. हळूहळू टोनी उघडा पडत जातो आणि शेवटी त्याच्याच हातातले पाते थॅनोस त्याच्या पोटात खुपसतो. चढवण्याचा वेळ शून्य झाल्यावर लेखकांनी तिथे चिलखत संपण्याचा वेळ आणला, आणि म्हणून ती लढाई पटते. तीच युक्ती पुन्हा पुन्हा करता येणार नाही, कारण ती एकदा पाहिल्यावर प्रेक्षक फक्त किती उरले एवढेच मोजत बसेल.

इथपर्यंतचे म्हणणे थोडक्यात असे: चढवण्याची वाट पूर्ण झाली आहे, आणि नव्या शक्तीची भर घातल्याने ती पुढे वाढत नाही. माझ्या मते खुली राहिलेली वाट उलट दिशेची आहे, म्हणजे चिलखत उतरवण्याची. ते मला कसे सुचले हे सांगण्यासाठी माझ्याच कामातला एक प्रसंग सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका पौराणिक मालिकेसाठी कर्णाच्या कवचकुंडलांचे काम आमच्याकडे आले. कर्ण ब्राह्मणवेषातल्या इंद्राला आपले कवच अंगावरून कापून देतो, एवढा तो प्रसंग. आम्ही नेहमीच्या पद्धतीने कवचाची वेगळी वस्तू केली, ती छातीवर बसवली आणि ती सुटून हातात येते असे हलवून दाखवले. तांत्रिकदृष्ट्या त्यात काहीही चूक नव्हती, तरी पहिल्याच पाहणीत ते दृश्य फसले, कारण पडद्यावर एक माणूस अंगरखा काढून देत होता. दान कुठेच दिसत नव्हते. मग आम्ही सगळे मोडले आणि कवचाची कडा त्वचेत मिसळून टाकली, म्हणजे सोने कुठे संपते आणि कातडी कुठे सुरू होते हे सांगता येऊ नये. त्यानंतर पाते फिरते तशी कातडी ताणली गेली पाहिजे, सुटली पाहिजे, आणि कवच सुटल्यावर छातीचा आकारही बदलला पाहिजे. कवच घालायला आम्हाला दोन दिवस पुरले असते. ते काढायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मला जे समजले ते त्याआधीच्या कित्येक वर्षांत समजले नव्हते. चिलखत माणसाचे किती आहे, हे ते काढताना दिसते.

आमच्या धंद्यात एक सोय सर्रास वापरली जाते. चढवण्याची हालचाल एकदा तयार झाली की उतरवण्यासाठी तीच उलटी चालवायची. पैसे वाचतात, वेळ वाचतो, आणि दोन सेकंदांच्या दृश्यात कोणाच्या लक्षातही येत नाही. पण त्यामुळे उतरवण्याला स्वतःचा अर्थ कधी मिळत नाही. जिथे तो मिळाला आहे ती दृश्ये आठवून पाहा. पहिल्या चित्रपटात गोळ्यांच्या खुणा पडलेले चिलखत यांत्रिक हातांना निघता निघत नाही आणि नेमकी तेव्हाच त्याची सहायक पेपर पॉट्स तिथे येते. ज्याविषयी तो तिच्याशी बोललेला नाही ते सगळे त्या अडकलेल्या पत्र्यांतून तिला कळते. २०१२ मध्ये मनोऱ्याच्या गच्चीवर टोनी चालत असताना यंत्रे त्याच्या अंगावरचे नादुरुस्त चिलखत काढून घेतात आणि लोकी ते पाहत असतो. शत्रूसमोर नि:शस्त्र होत जाण्याची ती काही पावले मला त्यानंतरच्या सगळ्या लढाईपेक्षा धाडसी वाटतात. २०१३ च्या शेवटी तर तो सगळी चिलखते उडवून देतो आणि छातीतले धातूचे तुकडे शस्त्रक्रियेने काढून घेतो. तिसऱ्या चित्रपटाने उतरवण्याचा प्रश्न पूर्ण गांभीर्याने घेतला होता, आणि दोनच वर्षांनी पुढच्या चित्रपटात तो पुन्हा चिलखतात दिसला तेव्हा त्या निर्णयाचे काय झाले हे कोणी सांगितले नाही. ही मला या मालिकेतली सर्वांत मोठी उणीव वाटते.

शिवाय ही वाट नवी नाही, ती मुळाकडे जाणारी आहे. मार्च १९६३ च्या ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’ या कॉमिक्सच्या ३९ व्या अंकात हे पात्र पहिल्यांदा आले तेव्हा त्याचे चिलखत राखाडी होते, आणि छातीवरचे कवच त्याला काढताच येत नव्हते, कारण त्याच्या हृदयाची धडधड त्या कवचावर अवलंबून होती. त्या काळच्या गोष्टींत टोनी सूट घालून समारंभाला जातो तेव्हाही आत ते कवच असते आणि ते वेळेवर विजेवर भारित करावे लागते. म्हणजे मूळ कल्पना अशी होती की चिलखत हवे तेव्हा घालता येते, पण त्याचा एक तुकडा कधीच निघत नाही. २००५-०६ च्या ‘एक्स्ट्रीमिस’ कथेत तर चिलखताचा आतला थर टोनीच्या हाडांच्या पोकळीत साठवलेला दाखवला आहे. नॅनो चिलखताकडे आपण वेगाची प्रगती म्हणून पाहतो. पण जे हाडांत शिरले ते काढायचे कुठून, हा त्यातला खरा प्रश्न चित्रपटांनी अजून विचारलेलाच नाही.

आता पुढची पात्रे पाहू. माझ्या दृष्टीने सर्वांत अधिक शक्यता डूममध्ये आहे. १९६२ मध्ये ‘फँटॅस्टिक फोर’च्या पाचव्या अंकात आलेले हे पात्र आयर्न मॅनपेक्षाही जुने चिलखतधारी आहे, आणि त्याच्या कॉमिक्समधल्या जन्मकथेत एक असा तपशील आहे जो माझ्या घड्याळाला थेट भिडतो: चिलखत घडवून झाल्यावर तो मुखवटा निवण्याची वाट पाहत नाही, तापलेला असतानाच चेहऱ्यावर चढवायला लावतो. चढवण्याचा वेळ इथेही काही क्षणांचाच आहे, पण ते चढवणे आयुष्यात एकदाच होते. टोनीचे चिलखत सहज येते आणि सहज जाते. डूमचे येते आणि राहते. एकाच नटाने या दोन्ही भूमिका केल्या तर प्रेक्षकाच्या मनात ही तुलना आपोआप उभी राहील, चित्रपटाने ती बोलून दाखवण्याची गरज नाही.

यात एक मोठी अडचणही आहे. ज्या नटाचा चेहरा प्रेक्षकांना इतका ओळखीचा आहे, तो चेहरा धातूच्या मुखवट्यामागे ठेवायचा की नाही, याचा निर्णय कथेपेक्षा बाजाराच्या विचाराने होण्याची भीती आहे. मुखवटा सारखा उघडला तर डूम हा फक्त रंग बदललेला टोनी होईल. तो मिटलेला ठेवला तर अभिनयाचा सगळा भार आवाज, मान आणि खांदे यांवर येतो, आणि तिथे आमच्यासारख्यांचे काम सुरू होते. मुखवटा हलत नाही, पण तो किती कलतो, डोळ्यांच्या खाचांत प्रकाश कधी शिरतो, बोलण्याआधी मान किती थांबते, यांतून भाव उभा करता येतो. आपल्याकडे दशावतारात आणि मुखवट्यांच्या नाचांत हे कलावंत पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत. मला मनापासून वाटते की निर्मात्यांनी हा धीर धरावा आणि मुखवटा काढण्याचा क्षण, जर तो येणारच असेल, तर एकदाच यावा.

दुसरी वाट रिरी विल्यम्सची. २०२२ च्या ‘ब्लॅक पँथर: वाकांडा फॉरेव्हर’मध्ये ही विद्यार्थिनी स्वतः जोडलेले चिलखत घेऊन आली, वाकांडात तिने त्याहून चांगले बनवले आणि चित्रपटाच्या शेवटी तिला ते तिथेच ठेवून यावे लागले. तिच्याकडे स्टार्कची संपत्ती नाही, त्यामुळे तिच्या चिलखतात सुटा भाग कुठून आणायचा, दुरुस्तीचा खर्च कोण करणार, हे प्रश्न पुन्हा जिवंत झाले आणि धातूला वजन परत आले. २०२५ च्या ‘आयर्नहार्ट’ मालिकेत तिच्या चिलखतातली कृत्रिम बुद्धी तिच्या मृत मैत्रिणीच्या रूपात प्रकट होते. मालिकेच्या इतर बाजूंविषयी मतभेद असू शकतात, पण ही एक कल्पना पुढच्या दहा चित्रपटांना पुरेल इतकी समृद्ध आहे. चिलखत उतरवणे म्हणजे इथे मैत्रिणीचा आवाज बंद करणे. टोनीच्या चिलखतांतही जार्विस, फ्रायडे अशा कृत्रिम बुद्धी होत्या, पण त्या बंद करताना त्याचा हात थरथरला असता असे कधी वाटले नाही. रिरीच्या बाबतीत चिलखत काढण्याच्या प्रत्येक साध्या दृश्यात हा प्रश्न आत असेल, मग ते दृश्य किती का लहान असेना.

तिसरी वाट टोनीचा चिलखतधारी मित्र जेम्स ऱ्होड्स याची, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. २०१६ मध्ये आकाशातून पडल्यावर त्याच्या पायांतली शक्ती गेली आणि टोनीने त्याला चालण्यासाठी पायांना लावायची यांत्रिक जोड बनवून दिली. हा एकमेव चिलखतधारी असा आहे की लढाई संपल्यावर मोठे चिलखत काढले तरी अंगावर एक लहान चिलखत राहतेच, आणि रात्री झोपताना ते काढले की तो उभा राहू शकत नाही. प्रत्यक्ष जगात या बाजूला खरे काम झालेले आहे. पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांना उभे राहून चालता यावे यासाठी बनवलेल्या रीवॉक या बाह्यसांगाड्याला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये घरगुती वापराची परवानगी दिली. याउलट अमेरिकी लष्कराच्या विशेष मोहीम विभागाने २०१३ मध्ये हाती घेतलेला टॅलोस हा सैनिकी चिलखताचा प्रकल्प, ज्याला वर्तमानपत्रांनी आयर्न मॅन सूट असेच नाव दिले होते, २०१९ पर्यंत पूर्ण चिलखत न देताच थांबला. युद्धासाठीचे चिलखत उभे राहिले नाही, आणि चालण्यासाठीचे उभे राहिले. ऱ्होड्सवर कोणी स्वतंत्र चित्रपट केला तर त्याने सुरुवात इथून करावी, पहाटे पलंगाच्या कडेला बसून पायांना पट्टे आवळणाऱ्या माणसापासून. ते चढवणे पुन्हा सावकाश होईल आणि आपण ते पूर्ण पाहू.

प्रश्नाखाली ज्या इतर शक्यता सुचवल्या जातात त्यांविषयी थोडक्यात. प्रकाशाचे किंवा ऊर्जेचे चिलखत मला पटत नाही. ज्यातून आरपार दिसते, ज्याची सावली पडत नाही आणि जे वाकत नाही, त्याला चिलखत म्हणण्यात अर्थ उरत नाही. जादूचे चिलखत चालेल, पण जादूची किंमत आधी सांगितली पाहिजे आणि मग ती वसूल केली पाहिजे. पहिल्या चित्रपटात दुसऱ्या चिलखतावर उंच आकाशात बर्फ साचतो, आणि शेवटच्या लढाईत त्याच बर्फाने खलनायक स्टेनचे चिलखत बंद पडते. मर्यादा आधी दाखवून नंतर वापरण्याचा याहून सरळ नमुना मला माहीत नाही, आणि जादूलाही तोच नियम लागू आहे. माणसाशिवाय आपोआप लढणारी चिलखते २०१३ मध्ये आणि २०१५ मध्ये दाखवून झाली आहेत. त्यांची संख्या वाढते तसे प्रत्येकाचे महत्त्व घटते, कारण आत कोणीच नसेल तर उतरवायचे कोणी?

टोनी स्टार्क दुसऱ्या विश्वातून परत येईल का, असेही तुम्ही ओघात विचारले आहे. आणता येईल, कथेत तशी दारे उघडी ठेवलेली आहेत. पण ‘एंडगेम’च्या शेवटी त्याचे चिलखत त्याच्या उजव्या अंगावर जळालेले आहे आणि ते कोणी उतरवताना आपण पाहिलेले नाही. परत येणारा टोनी जर पुन्हा छातीवर टिचकी मारून उभा राहिला, तर त्या मरणाचे मोल कमी होईल. तो आलाच तर चिलखत नसलेला यावा, आणि ते घालायला त्याला वेळ लागावा.

डूमचा मुखवटा निघण्याचा एखादा शॉट माझ्या टेबलावर आला, तर काम सुरू करण्याआधी मी दिग्दर्शकाला एकच गोष्ट विचारेन: मुखवट्याच्या आतल्या कडेला कातडी चिकटलेली आहे की नाही? चिकटलेली नसेल तर मुखवटा आणि चेहरा यांच्या दोन स्वतंत्र रिग होतील, एक दुसरीवरून उचलली जाईल आणि दोन दिवसांत शॉट हातावेगळा होईल. चिकटलेली असेल तर एकच रिग करावी लागेल, धातू आणि मांस दोन्ही एकाच हाडांवर, आणि मग मला तीन आठवडे द्यावे लागतील.